दहा सेनचे मासिक

(द्वितीय वर्ष, कला)

जपानी साहित्याची थोडीफार ओळख असणाऱ्याला अकुतागावा र्‍यूनोसुके हे नाव माहीत असते. कुरोसावाचा ‘राशोमोन’ हा चित्रपट ज्याच्या कथांवरून निघाला तो हा लेखक. त्याच्या नावाचे पारितोषिक वर्षातून दोनदा दिले जाते आणि ते मिळालेला नवखा लेखक एका दिवसात देशभर माहीत होतो. पण हे पारितोषिक ज्याने सुरू केले त्या किकुची कानचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो, त्याचे कारण अगदी साधे होते. हा गरिबाघरचा मुलगा शाळेची पुस्तके विकत मिळत नव्हती म्हणून हाताने उतरवून काढत होता, आणि पुढे तोच एका मोठ्या प्रकाशन कंपनीचा मालक झाला. मालक झाल्यावर अशा मुलाचे काय होते, हे मला पाहायचे होते.

किकुचीचा जन्म २६ डिसेंबर १८८८ रोजी शिकोकू बेटावरील ताकामात्सु येथे झाला. घराणे जुने. पूर्वज तिथल्या सरदाराच्या पदरी कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे पंडित होते. मेइजी काळात सरदारक्या गेल्या आणि या घरात पांडित्य तेवढे शिल्लक राहिले. वडील प्राथमिक शाळेत कारकून होते. त्या पगारात घर कसेबसे चाले, पुस्तकांना पैसे उरत नसत. मित्राचे पुस्तक आण आणि उतरवून घे, असे वडिलांनी सांगितले. उतरवलेल्या पुस्तकाचा आकार वेगळा, कागद वेगळा. वर्गात ते उघडताना त्या मुलाला काय वाटत असेल हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही. माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि माझ्या बहुतेक पुस्तकांच्या पहिल्या पानावर अजून दुसऱ्याच कोणाचे तरी नाव आहे. शाळेची सहल निघाली तेव्हाही किकुचीला घरून पैसे मिळाले नाहीत.

१९०५ साली ताकामात्सुमध्ये ग्रंथालय उघडले. त्या वेळी तो माध्यमिक शाळेत होता. शाळा सुटली की तो तिथे जाऊन बसे, आणि तिथली वाचण्याजोगी बहुतेक पुस्तके आपण वाचून काढली असे त्याने पुढे लिहिले आहे. शाळांपेक्षा ग्रंथालयाने आपल्याला जास्त शिकवले, असेही तो म्हणत असे. हे थोडे वाढवून सांगितले असेल. पण पुढच्या आयुष्यात शाळा-कॉलेजांनी त्याला ज्या तऱ्हेने बाहेर काढले, ते पाहता त्याला तसे वाटले यात नवल नाही.

आधी तो टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयात दाखल झाला. तिथे फी माफ होती. पण वर्गाला दांड्या मारल्यामुळे नाव कमी झाले. मग वकील व्हायच्या अटीवर एका गृहस्थांनी दत्तक घेऊन खर्च उचलला. काही महिन्यांत कायदा सोडून तो साहित्याकडे वळला आणि ते दत्तकपणही संपले. शेवटी वडील कर्ज काढायला तयार झाले आणि १९१० साली तो टोकियोच्या पहिल्या उच्च विद्यालयात शिरला. बरोबरीचे विद्यार्थी त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान होते. त्यांत अकुतागावा होता, कुमे मासाओ होता, आणि श्रीमंत घरचा नारुसे होता.

पदवीदान तीन महिन्यांवर आले असताना, १९१३ साली, वसतिगृहात एक झगा चोरीला गेला. चोरी एका मित्राने केली होती. किकुचीला ते ठाऊक नव्हते, त्याने तो झगा गहाण टाकून पैसे आणले. चौकशी झाली तेव्हा मित्राचे नाव सांगण्याऐवजी त्याने आळ स्वतःवर घेतला आणि विद्यालय सोडले. त्याच्या चरित्रात हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. मला मात्र वाचताना ताकामात्सुत कर्ज काढून बसलेले वडील आठवत राहिले. पुढचा मार्ग नारुसेच्या घरच्यांच्या मदतीने निघाला. टोकियोच्या विद्यापीठाचे दार बंद झाले म्हणून तो क्योतोला गेला, इंग्रजी साहित्य घेऊन १९१६ साली पदवीधर झाला, आणि टोकियोला परत येऊन ‘जिजी शिंपो’ या वर्तमानपत्रात बातमीदार झाला.

पैशाविषयी तो कधी लाजला नाही. पगारात भागत नाही म्हणून आपण पैसेवाल्या घरची मुलगी पाहून लग्न केले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हे वाचून मला बरे वाटले नाही. पण ज्या लेखकांनी हे लिहिले नाही त्यांनी ते केले नसेल, असेही म्हणवत नाही. आधी जगणे, मग कला, असा त्याचा सरळ हिशोब होता. घर सोडून गेलेला बाप वीस वर्षांनी दारात येऊन उभा राहतो, हे त्याच्या ‘बाप परत येतो’ या १९१७ च्या एकांकिकेचे कथानक. ज्या थोरल्या मुलाने राबून घर सावरले, तो बापाला घरात घ्यायला तयार नाही. १९२० साली ती रंगभूमीवर आली तेव्हा प्रेक्षागृहात लोक रडले. त्याच वर्षी ‘शिंजू फुजिन’ ही त्याची कादंबरी वर्तमानपत्रातून क्रमशः आली आणि तो घराघरांत पोचला. हातात प्रथमच पैसा खेळू लागला.

त्या पैशातून त्याने मासिक काढले. जानेवारी १९२३ चा ‘बुंगेई शुंजू’चा पहिला अंक अवघ्या २८ पानांचा होता. प्रती ३,०००. किंमत दहा सेन. शंभर सेन म्हणजे एक येन, आणि नावाजलेली मासिके याच्या कितीतरी पट किमतीला विकली जात होती. पत्ता किकुचीच्या राहत्या घरचा. अंकाच्या सुरुवातीला अकुतागावाची छोटी टिपणे, मागे त्या वेळी फारसे कोणाला माहीत नसलेल्या तरुणांचे लेखन. दुसऱ्यांच्या मासिकांत लिहिताना संपादकाची आणि वाचकाची मर्जी सांभाळावी लागते, त्याचा कंटाळा आला म्हणून मोकळेपणी लिहायला ही जागा केली, एवढाच त्याने खुलासा केला होता. अंक हातोहात संपला.

सप्टेंबरमध्ये टोकियोचा मोठा भूकंप झाला, शहर जळाले. माणसे जीव वाचवायला धावतात तेव्हा साहित्य ही चैन ठरते, असे किकुचीने त्यावर लिहिले. दुसऱ्या कोणी हे लिहून मासिक बंद केले असते. याने चालू ठेवले. पुढे ते केवळ साहित्याचे न राहता राजकारण, समाज, चर्चा, गावगप्पा असे सगळे छापू लागले. १९२८ साली त्याची रीतसर कंपनी झाली आणि किकुची तिचा अध्यक्ष झाला. कोणाची मर्जी नको म्हणून काढलेल्या मासिकात लिहिणाऱ्यांना आता किकुचीची मर्जी सांभाळावी लागू लागली. इथून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

त्या सुमारास जपानच्या प्रकाशन व्यवसायात एका येनच्या पुस्तकांची लढाई पेटली होती. ‘काइझो’ मासिकाच्या प्रकाशकांनी १९२६ च्या अखेरीस प्रत्येक खंड एक येनला या दराने आधुनिक जपानी साहित्याची माला काढली. आगाऊ नोंदणी करून लाखो प्रती खपवायच्या असा हा प्रकार. सगळे प्रकाशक तिकडे धावले. १९२७ साली आर्स या प्रकाशन संस्थेने मुलांसाठी मोठी माला जाहीर केली, किंमत ५० सेन. तिचा मालक प्रसिद्ध कवी किताहारा हाकुशू याचा धाकटा भाऊ. त्याच वेळी कोबुन्शा ही संस्था आणि किकुचीची मंडळी यांनी शाळकरी मुलांसाठी दुसरी माला जाहीर केली, किंमत ३५ सेन. संपादक म्हणून किकुची आणि अकुतागावा यांची नावे. आमची योजना चोरली, असा आर्सचा आरोप. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, उलट जाहिराती, शेवटी प्रकरण कायद्यापर्यंत गेले. एका बाजूला कवी, दुसऱ्या बाजूला कथाकार, आणि भांडण चालले आहे मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवरून! ज्या मुलाला एक पुस्तक मिळत नव्हते त्याने मुलांची पुस्तके स्वस्त केली हे खरे. पण ती स्वस्ताई दुसऱ्याला बुडवायचे हत्यारही होती.

अकुतागावाला हे झेपणारे नव्हते. तो दोन्हीकडच्यांचा स्नेही. शिवाय प्रकृती खालावलेली, मन थकलेले. जुलै १९२७ च्या सुरुवातीला तो किकुचीला भेटायला त्याच्या कचेरीत दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा किकुची बाहेर होता, आणि तो येऊन गेला हे कोणी त्याला वेळेवर सांगितले नाही. २४ जुलैला अकुतागावाने आत्महत्या केली. मित्रांच्या वतीने शोकभाषण वाचताना किकुची रडला. त्या दोन हुकलेल्या भेटींची खंत त्याने नंतर लिहून ठेवली आहे. घरातून मासिक निघत होते तेव्हा मित्र आला तर समोरासमोर भेट होत होती. कंपनी झाली, कचेरी झाली, मधे माणसे आली. मृत्यूचे कारण यात शोधणे चुकीचे ठरेल. पण त्या दोन चकरांवरून नजर पुढे सरकत नाही.

किकुची वाईट मालक नव्हता. कचेरीत तो नोकरांबरोबर बुद्धिबळासारखा शोगी खेळे, टेबल टेनिस खेळे. खिशात चुरगळलेल्या नोटा कोंबलेल्या असत आणि अडचणीतला लेखक आला की मोजल्याशिवाय हातात देई. नाटककारांची आणि कादंबरीकारांची संघटना उभारण्यात तो पुढे होता. १९२६ साली या दोन्ही एकत्र होऊन लेखक संघ झाला. मानधन, हक्क, लेखक मेल्यावर मागच्यांची सोय, हे त्या संघाचे प्रश्न. म्हणजे लेखकांच्या बाजूने प्रकाशकांशी बोलणारा पुढारी हाच, आणि प्रकाशकही हाच. १९२८ साली तो समाजवादी विचाराच्या एका पक्षातर्फे निवडणुकीलाही उभा राहिला आणि पडला.

त्याचा रागही मालकाचाच होता. १९३० साली ‘चुओ कोरोन’वाल्यांच्या स्त्रियांच्या मासिकात हिरोत्सु काझुओची एक कादंबरी सुरू झाली. कॅफेतल्या एका मुलीची ती गोष्ट. जाहिरातीत एका बड्या साहित्यिकाचा उल्लेख असा केला होता की तो किकुचीच, हे कोणीही ओळखावे. किकुचीने खुलासा लिहून पाठवला. मासिकाने तो छापला, पण मथळा बदलून जास्त चटपटीत केला. किकुची तडक त्यांच्या कचेरीत गेला आणि त्याने संपादकाला मारले. दोन्हीकडून तक्रारी झाल्या, मग समेट झाला. चटपटीत मथळे आणि साहित्यिकांच्या कानगोष्टी छापण्यात त्याचे स्वतःचे मासिकही मागे नव्हते, हे इथे सांगायला हवे.

१९३४ साली त्याचा दुसरा जिवलग मित्र, लोकप्रिय कादंबरीकार नाओकी सांजूगो वारला. पुढच्या वर्षी, १९३५ साली, किकुचीने दोन्ही मित्रांच्या नावे पारितोषिके सुरू केली. अकुतागावाच्या नावाचे गंभीर लेखन करणाऱ्या नवोदितासाठी, नाओकीच्या नावाचे लोकप्रिय लेखनासाठी. एक घड्याळ आणि ५०० येन. यात मित्रांची आठवण आहे तशी मासिकाची जाहिरातही आहे, हे त्याने उघडपणे कबूल केले. पहिल्या निकालाची वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही याचा त्याला रागही आला होता. मित्राच्या मरणाला त्याने बाजार दाखवला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मासिक खपले नाही तर मित्राचे नाव कोण छापणार, हा हिशोब गरिबी पाहिलेल्या माणसाचा आहे. १९९६ साली जपानमध्ये छापील पुस्तके आणि मासिके मिळून सुमारे २ लाख ६५ हजार कोटी येनची विक्री झाली होती. २०२४ साली ती सुमारे १ लाख कोटी येनवर आली. अशा पडत्या काळातही पारितोषिकाच्या निकालानंतर त्या पुस्तकाची मागणी वाढते. दुकानदार त्याची वाट पाहतात.

युद्धकाळाविषयी लिहिताना हात अडखळतो. १९३८ साली सरकारने लेखकांना चीनमधल्या आघाडीवर पाठवायचे ठरवले तेव्हा माणसे जमवण्यात किकुची पुढे होता आणि स्वतःही गेला. लेखकांच्या युद्धसाहाय्य संस्थेतही त्याचे नाव होते. कागद आता सरकारच्या वाटपावर मिळत होता. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती मासिक. १९४४ साली ‘चुओ कोरोन’ आणि ‘काइझो’ यांना सरकारने गाशा गुंडाळायला लावला. ‘बुंगेई शुंजू’ त्यातून वाचले, आणि अखेरीस टोकियोवर बाँब पडू लागल्यावर तेही थांबले. सरकारने चित्रपट कंपन्या एकत्र करून बनवलेल्या दाइएई कंपनीचे अध्यक्षपदही १९४३ साली त्याला मिळाले होते. याच कंपनीने तो गेल्यानंतर, १९५० साली, ‘राशोमोन’ काढला, आणि १९५३ साली किकुचीच्याच नाटकावरून ‘नरकाचे द्वार’ काढला. त्या काळात त्याच्यावर बळजबरी झाली म्हणावे, तर तो बराचसा राजीखुशीने गेलेला दिसतो. मर्जी सांभाळायची नाही म्हणून मासिक काढणाऱ्या माणसाने शेवटी सर्वांत मोठ्या मालकाची मर्जी सांभाळली.

युद्ध संपले. मासिक पुन्हा सुरू झाले, पण कागद काळ्या बाजारात, भाव रोज वाढते, आणि युद्धाला साथ देणाऱ्या प्रकाशकांना लोक जाब विचारू लागलेले. जपानच्या कचेऱ्या-कारखान्यांत कामगार संघटना उभ्या राहत होत्या. मार्च १९४६ मध्ये किकुचीने कंपनी विसर्जित करत असल्याचे जाहीर केले. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न त्याने सोडवला नाही, दिवाच मालवला.

तेव्हा नोकर पुढे आले. सासाकी मोसाकू, इकेजिमा शिंपेई वगैरे मंडळींनी नाव मागितले. आम्ही चालवतो, म्हणाले. किकुचीने नाव देऊन टाकले, मोबदला घेतला नाही. त्यांनी ‘बुंगेई शुंजू नवी संस्था’ काढली आणि जून १९४६ चा अंक बाहेर आला. मालकाने बंद केलेली गोष्ट पगारदारांनी चालू ठेवली. एखाद्या घराण्याच्या हाती वारशाने जाणारी ही कंपनी राहिली नाही, ती आतून वर आलेल्या संपादकांच्या हाती गेली. म्हणून भांडणे संपली असे नाही. २०१८ साली पुढचा अध्यक्ष कोण आणि मावळत्या अध्यक्षाने वरच्या पदावर राहावे की नाही, यावरून तिथल्या वरिष्ठांत वाद झाला आणि तो वर्तमानपत्रांपर्यंत गेला. दुसऱ्यांच्या घरातली भांडणे छापणाऱ्यांच्या घरातले भांडण, म्हणून लोकांनी ते आवडीने वाचले असणार. खप घटत असताना खुर्ची कोणाची हा प्रश्न जास्तच टोकदार होत असावा. पण किकुचीच्या वेळी भांडण उलटे होते. त्या दिवशी कंपनीत कोणाला खुर्ची नको होती आणि काहींना काम हवे होते.

१९४७ साली युद्धकाळातील कामाबद्दल त्याला सार्वजनिक पदांना अपात्र ठरवण्यात आले. आपण मनाने उदारमतवादीच होतो असे त्याचे म्हणणे होते आणि हा ठपका त्याला फार लागला. पुढच्या वर्षी पोटाचे दुखणे झाले, त्यातून तो उठला. ६ मार्च १९४८ रोजी बरे वाटल्याच्या आनंदात त्याने घरी जवळच्या माणसांना जेवायला बोलावले. स्वतःही आवडीने जेवला. त्याच रात्री छातीत कळ आली आणि तो गेला. वय ५९.

त्याने निरोपाचे पत्र आधीच लिहून ठेवले होते. फारशी प्रतिभा नसताना आपल्याला नाव मिळाले, आयुष्य मोठी चूक न होता सुखात गेले, असे सांगून त्याने मित्रांचे आणि वर्षानुवर्षे वाचत आलेल्या वाचकांचे आभार मानले होते, आणि देशाचे भले व्हावे अशी इच्छा केली होती. मासिकाचा किंवा कंपनीचा त्यात उल्लेख नव्हता. तारखेच्या जागी शुभ महिना, शुभ दिवस एवढेच लिहिले होते.